बडेबाबूंचा सोमवार

पंप माझ्याकडे आहे, बडेबाबू. आधी हेच सांगतो, कारण तुम्हाला पहिली काळजी त्याचीच असणार.

तेरवी झाल्यावर वहिनी तुमचं सामान न्यायला ऑफिसात आल्या. चष्म्याचं घर, जेवणाचा डबा, खुर्चीच्या पाठीवरचं ते बिनबाह्यांचं स्वेटर, सगळं पिशवीत गेलं. टेबलाखालून हवा भरायचा पंप निघाला तेव्हा त्या थांबल्या. लाकडी मुठीचा, तुमच्या तळहातानं काळा गुळगुळीत झालेला. "हा घरी नेऊन मी काय करू?" म्हणाल्या. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग साठवणे म्हणाला, "किशोरले द्या ना, वहिनी." आणि इतके दिवस खाली मान घालून बसलेलं आपलं ऑफिस एकदम हसलं. वहिनीही हसल्या, पदरानं डोळे पुसता पुसता. अख्ख्या ऑफिसात सोमवारी सायकल न आणणारा मी एकटा, हे त्यांनाही माहीत होतं. तुम्ही घरी सांगितल्याशिवाय त्यांना कसं माहीत असणार?

तर पंप माझ्याकडे आहे. सायकल नाही, पंप आहे. तुम्ही असता तर या एका गोष्टीवर आठवडा काढला असता.

वैनगंगेच्या घाटावर लोक काय बोलत होते, तेही सांगतो. तुम्हाला मजा वाटेल. माझ्या मागे दोघं उभे होते, तुमच्या नात्यातलेच असावेत. एक म्हणाला, "रोज सायकल चालवत होते म्हंते, तरी गेले." दुसरा म्हणाला, "मंग काय फायदा?" मला राग यायला पाहिजे होता. पण मी तिथं उभं राहून हाच विचार करत होतो की यावर बडेबाबू काय बोलले असते. आणि तुमचा आवाज अगदी कानाशी आला, "न चालवनारे काय राहून राहिले का इथं?" मला हसू आलं. घाटावर हसलो म्हणून लोकांनी पाहिलं माझ्याकडे. त्यांना काय सांगू?

कर्मचाऱ्यांना सायकलने कार्यालयात येण्यास प्रोत्साहित करावे, असं पत्रक वरून आलं त्या दिवशी मी तुमच्या समोरच बसलो होतो. अशी पत्रकं आपल्याकडे येतात आणि जातात. आवक नोंद होते, साहेबांची सही होते, फाईल बंद. तुम्ही मात्र ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, मधल्या सुट्टीत, तोंडात पोळीचा घास असताना. मग फलकावर लावलं आणि खाली निळ्या पेनानं लिहिलं, "सोमवारी सायकल. ज्याच्याकडे नसेल त्याने मागून आणावी."

"बडेबाबू, पेट्रोलले पैसे नाही राहिले काय?" साठवणे म्हणाला.

"तुह्या पोटाकडे पाहून लिवलं बाबू," तुम्ही म्हणालात.

पुढच्या सोमवारी तुम्ही आलात सायकलवर. पँटची घडी चेनमध्ये अडकू नये म्हणून कपडे वाळत घालायचा प्लास्टिकचा चिमटा लावला होता, हिरवा. तो काढायला विसरलात आणि तसेच साहेबांच्या समोर जाऊन बसलात. साहेब बोलताहेत आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्या घोट्याशी. तुमच्यासोबत त्या दिवशी फक्त सुनंदाबाई होत्या, आपल्या शिपाई. त्यांच्या मुलीला शाळेतून मिळालेली सायकल मुलगी बारावी झाल्यापासून घरी धूळ खात होती. ती त्यांनी काढली. समोर टोपली असलेली, गुलाबी. "लोक हासतीन मले," त्या म्हणाल्या. "हासू द्या ना," तुम्ही म्हणालात, "पयले मले हासतीन, मंग तुमचा नंबर येईल."

हळूहळू बाकीचेही येऊ लागले. रेकॉर्ड रूमचं जुनं छत उतरवलं होतं, त्याचे टिन तुम्ही साहेबांकडून मागून घेतले आणि आवारातल्या लिंबाच्या झाडाजवळ सायकलींसाठी शेड उभी केली. तुम्ही पंप घेऊन शेडमध्ये उभे राहायचे, ज्याच्या चाकात हवा कमी त्याच्या चाकात भरायचे, साहेब असो की सुनंदाबाई. दर सोमवारी फाटकातून सायकली आत येताना फोटो निघायचा आणि ग्रुपवर पडायचा. खाली अंगठे, फुलं, नमस्कार. आपलं ऑफिस जिल्ह्यात गाजायला लागलं.

आणि मग मला ती गोष्ट कळली.

मुन्नाची चहाची टपरी आपल्या फाटकाच्या अलीकडच्या वळणावर. एका सोमवारी मी नेहमीसारखा मोटारसायकलवर येत होतो, जरा लवकर. पाहतो तर काय, साठवणेची मोटारसायकल टपरीमागे उभी. त्याच्या बाजूला आणखी तीन-चार ओळखीच्या गाड्या. आणि हे सगळे तिथं चहा पिऊन, टपरीमागे ठेवलेल्या सायकली काढून, घंट्या वाजवत फाटकातून आत! घरून मोटारसायकलवर यायचं, वळणावर सायकलवर बसायचं, फोटो काढायचा. संध्याकाळी पुन्हा वळणापर्यंत सायकल. असं डोकं आपल्या भंडाऱ्याच्याच बाबूचं चालू शकतं.

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी थेट तुमच्याकडे आलो. म्हटलं, "बडेबाबू, तुमचा सोमवार टपरीपासून सुरू होऊन राहिला."

तुम्ही पंपाची नळी गुंडाळत होतात. मान वर न करता म्हणालात, "मले माहीत आहे."

"मग?"

"मग काय? तेवढी तर चालवते नं बिचारे."

मला वाटलं, हा माणूस एक तर भोळा आहे, नाही तर थकला आहे. मी मनातल्या मनात जिंकलो होतो.

पुढं मुन्नानं सायकली ठेवायला नाही म्हटलं. टपरीमागे जागा नाही, माझ्या साळ्याच्या आरामशीनवर, लाकडं कापतात तिथं, ठेवा म्हणाला. आरामशीन टपरीच्या बरीच अलीकडे. लोकांनी कुरकुर केली, पण गाड्या आरामशीनवर उभ्या राहू लागल्या. काही महिन्यांनी आरामशीनवाल्याला लाकडांसाठी जागा पाहिजे झाली आणि सायकली गेल्या नाक्याजवळच्या पंक्चरच्या दुकानात. आता नाक्यावर गाडी ठेवायची, तिथून सायकल मारत ऑफिस. एक दिवस साठवणे भडकला. "नाक्यावर गाडी ठेवा, तिथून सायकल हाना, संध्याकाळी नाक्यावर जाऊन गाडी आना. येडा हाय का मी? त्यापेक्षा घरूनच सायकल घेऊन निघतो!"

आणि निघाला. त्याच्यामागे बाकीचेही.

 त्या दिवशी तुम्ही त्याच्या चाकात हवा भरली आणि म्हणालात, "चहा पाज."

बडेबाबू, हे सगळं कोणी घडवून आणलं, ते मला तुमच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कळलं. मी टपरीवर एकटाच बसलो होतो. मुन्नानं चहा पुढं ठेवला आणि स्वतःच बोलू लागला. "बडेबाबू मले सांगे, मुन्ना, जरा मागं सरकव यायले. एकदम नोको सरकवू, पळून जातीन. थोडं थोडं. आरामशीनवाल्यालेही त्यायनंच सांगतलं, पंक्चरवाल्यालेही." तो सांगत होता आणि रडत होता, आणि मी चहाचा ग्लास हातात धरून बसलो होतो. तुम्ही कोणालाच पकडलं नाहीत. कोणाला लाजवलं नाहीत. नुसत्या त्यांच्या सायकली मागे सरकवत गेलात, घरापर्यंत.

मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? की मीही त्यातलाच एक होतो, ज्याची सायकल अजून सरकवायची राहिली होती?

माझं तुमचं भांडण कशावरून होतं ते ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, पण पुरतं कोणालाच माहीत नाही. मी पहिल्या सोमवारपासून नाही म्हटलं होतं. तुम्ही रोज विचारायचे, मी रोज टाळायचो. पण एकदा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "किशोर, तू तर पदवीधर माणूस. तुले समजायला पाहिजे."

ते मला लागलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. घरातलाच काय, करडी गावातल्या आमच्या मोहल्ल्यातल्या पहिल्या दोघांमधला एक. हे मी कुठंही सांगतो, कोणी न विचारताही सांगतो, आणि त्याची मला लाज नाही. मी म्हटलं, "पदवीधर आहे म्हणूनच नाही." आणि मग जे इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते भर ऑफिसात बोललो. माझ्या बाबांकडं सायकल होती. काळी, मजबूत कॅरिअरची. पण ती बसायची नव्हती, ढकलायची होती. गावातल्या शेतकऱ्यांच्या धानाची पोती बाबा त्या सायकलवर लादून गिरणीवर न्यायचे. एक पोतं कॅरिअरवर, एक मधल्या दांड्यात. येताना तांदूळ आणि कोंडा. जातानाही ओझं, येतानाही ओझं. एक हात हँडलवर, एक हात मागं पोत्यावर, आणि माणूस बाजूनं चालतोय. माझ्या आठवणीत बाबा सायकलवर बसलेले नाहीतच, सायकलच्या बाजूनं चाललेले आहेत. मी म्हटलं, "बडेबाबू, सायकल तुमच्यासाठी तब्येतीची गोष्ट असेल. आम्ही तिच्यावरून उतरायला बाबांचं आयुष्य घातलं. आता तुम्ही म्हणता, परत चढा. आणि ती पोती कोणाची होती? तुमच्यासारख्यांचीच."

 सुनंदाबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या राहिल्या.  तुम्ही एवढंच म्हणालात, "रविवारी घरी आहेस काय?"

आणि रविवारी तुम्ही आलात. माझ्याशी बोलायला नाही, बाबांशी बोलायला. मला ते आवडलं नव्हतं, खरं सांगतो. मला वाटलं, माझ्याविरुद्ध बाबांना फितवायला आलेत.

बाबा ओट्यावर बसले होते. तुम्ही खुर्ची नाकारून त्यांच्या बाजूला बसलात. बाबांनी रीतीप्रमाणे पहिलाच प्रश्न विचारला, "कोनत्या गावचे जी तुम्ही?"

तुम्ही गावाचं नाव सांगितलं. करडीपासून जवळच.

"मंग तुमच्याही घरचं धान नेलं असन म्या गिरनीवर."

मी आत चहाचं सांगायला निघालो होतो, तो तिथंच थांबलो. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. तुम्ही वर पाहिलं नाही. "नेलं असन, बाबाजी," म्हणालात.

"रस्त्यात एक दाना सांडला नाही. इचारा कोनालेही."

"इचारायची गरज नाही जी."

मग तुम्ही दोघं बोलत बसलात. कोणत्या गिरणीत तांदूळ तुटायचा, कोणत्या रस्त्यावर गिट्टी होती, पाऊस आला की पोत्यावर काय झाकायचं. मला त्यात जागाच नव्हती. शेवटी तुम्ही म्हणालात, "बाबाजी, किशोरले सांगा ना. सायकलले लाजते तो."

बाबा हसले. "लाजत नाही जी तो. म्याच सांगतलं त्याले. म्या ढकलली तेवढी पुरे आहे आमच्या घराले." मग म्हणाले, "संध्याकाळी त्याच्या गाडीचा आवाज आला का मले बरं वाटते. गल्लीत कोनाचीही गाडी येऊ द्या, मले समजते, हे आपली नोहे. आपली आली का समजते."

मी दारात उभा राहून ऐकत होतो. तुम्ही आलात बाबांना आपल्या बाजूनं करायला आणि बाबा निघाले माझ्या बाजूचे. मला वाटलं, आता तरी तुम्ही हराल. तुम्ही चहा बशीत ओतून प्यायलात, बाबांच्या पायाला हात लावायला वाकलात, बाबांनी वरच्यावर हात धरून "जयभीम" म्हटलं, तुम्हीही "जयभीम, बाबाजी" म्हटलं, आणि गेलात. त्यानंतर तुम्ही मला सायकलचं कधीच विचारलं नाही.

त्याऐवजी पुढच्या सोमवारी फोन माझ्या हातात दिलात. "फोटो तू काढ. म्या काढतो तं मीच फोटोत नसतो." तेव्हापासून सगळे फोटो मी काढलेत. तुमच्या शोकसभेत हार घातलेला फोटोही मीच काढलेला आहे. हिरवा चिमटा दिसतोय त्यात. साठवणे म्हणाला, दुसरा शोधू, हा बरा नाही दिसत. मी म्हटलं, हाच.

आता तो शुक्रवार. सुट्टी झाली होती. शेडमध्ये तुम्ही सायकल काढत होतात, मी शेडबाहेर मोटारसायकल. त्या दिवशी सोमवार नव्हता, पण तुम्ही तर रोजच सायकलवाले झाला होता. चिमटा लावता लावता तुम्ही म्हणालात, "किशोर, तुह्या बाबाचं बरोबर आहे. म्या लय इचार केला. त्यायचं बरोबर आहे. पण..."

आणि तेवढ्यात फोन वाजला. वहिनींचा. जावई अचानक येऊन बसले होते, लवकर या, येताना सांबार आणा. तुम्ही गडबडलात. मी म्हटलं, "बसा मागे, सोडून देतो." तुम्ही सायकलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि बसलात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीवर. बाजारात सांबाराची हिरवी जुडी घेतली. तुमच्या दाराशी उतरल्यावर सीटवर थाप मारून म्हणालात, "बसायले मऊ आहे रे तुही गाडी." मी म्हटलं, "तुम्ही ते 'पण' म्हणत होता, त्याचं काय?"

"सोमवारी सांगतो. जावई बसले आहेत."

रविवारी सकाळी अंघोळीचं पाणी तापेपर्यंत तुम्ही खुर्चीत बसलात आणि उठलाच नाहीत.

त्या दिवसापासून मी तुमचं ते वाक्य पुरं करायचा प्रयत्न करतो आहे. पण काळ बदलला? हे तुम्ही बोलला नसता, हे कोणीही बोलतं. पण तब्येत? तब्येतीचं तर तुम्ही साठवणेला सांगायचे. पण तू बाबांसाठी नाही, स्वतःसाठी चालव? त्यावर मी उत्तर दिलं असतं आणि तुम्हाला ते माहीत होतं. लिहायला बसलो तेव्हाही वाटलं होतं, लिहिता लिहिता सुचेल. नाही सुचलं. आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू, तुमच्या नावानं एखादं छान वाक्य मी इथं लिहूनही टाकलं असतं, लोकांना आवडलं असतं. पण ते तुमचं नसतं.

शोकसभेत साहेब चांगलं बोलले. मग म्हणाले, बडेबाबूंच्या स्मृतीला हा उपक्रम अर्पण करू, वर्षातून एक दिवस सायकल दिन ठेवू. दर सोमवारी आता कोण बघणार? आणि शेडची जागा मोकळी करून चारचाकी उभ्या करता येतील, उन्हाळा तोंडावर आहे. लोकांनी माना खाली घातल्या. हो म्हणायलाही कोणी नाही आणि नाही म्हणायलाही. साठवणे, जो घरून सायकलवर येतो, तोही पायाकडं पाहत होता. मला दिसत होतं, बडेबाबू, तुमचा सोमवार तिथंच, हार घातलेल्या फोटोसमोर, संपत होता. आरामशीन, नाका, मुन्ना, सगळं.

मी उभा राहिलो. "साहेब, शेड राहू द्या."

साहेबांना नवल वाटलं. "तुम्ही तर सायकल चालवत नाही ना?"

"म्हणूनच सांगतो आहे. जे चालवतात ते बोलले तर तुम्ही म्हणाल, यांची सोय आहे. माझी मोटारसायकल तर आजही उन्हात उभी राहते. सोमवार मी बघतो."

 "ठीक आहे," साहेब म्हणाले, "मग जबाबदारी तुमची."

सुनंदाबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बडेबाबू असते तं काय म्हनले असते?" मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असता. "चहा पाज."

घरी जाऊन बाबांना सांगितलं. पंप दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, मूठ फिरवून पाहिली, वॉशर पाहिला. म्हणाले, "तुह्या हातानं काय होते? कालेजात पंप मारायचं शिकवते काय? सोमवारी मले घेऊन चाल."

तर काल सोमवारी बाबा आले. माझ्या मागे मोटारसायकलवर, धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. शेडमध्ये जाऊन उभे राहिले आणि ज्याची त्याची चाकं अंगठ्यानं दाबून पाहू लागले. साठवणेला म्हणाले, "जास्त नोको भरू बाप्पा, उन्हात टूब फुटन." साठवणे "हो जी, हो जी" करत होता. सुनंदाबाईंच्या गुलाबी सायकलचं चाक पाहून म्हणाले, "हे कोनाची? चांगली ठेवली बाई."

मग ते तुमच्या सायकलपाशी आले. ती त्या शुक्रवारपासून तिथंच आहे. कुलूप तुम्ही कधी लावलंच नाही. वहिनींनी सांगितलंय, तिथंच राहू द्या, कोणाच्या कामी येईल. दोन्ही चाकं बसली होती. बाबांनी न विचारता पंप लावला. दोन्ही चाकं भरली. धुळीचं सीट टोपीनं पुसलं.

"बसा ना, बाबाजी," सुनंदाबाई म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "बसू काय रे?"

 मी मान डोलावली.

त्यांनी सायकल शेडबाहेर काढली आणि तिच्या बाजूनं चालू लागले. ढकलत. एक हात हँडलवर आणि दुसरा मागं कॅरिअरवर, तिथं नसलेल्या पोत्यावर. सगळं ऑफिस उभं राहून पाहत होतं. मला वाटलं, धावत जाऊन तो हात धरावा. 

"बाबाजी, ढकलता काहून?" सुनंदाबाई ओरडल्या. "बसा ना!"

बाबा थांबले. मागच्या हाताकडं पाहिलं, जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. तो हात त्यांनी पुढं आणला, हँडलवर ठेवला. धोतराचा काष्टा सावरला, पायडलवर पाय दिला, आणि दांड्यावरून टांग टाकून बसले.

लिंबाच्या झाडाला एक चक्कर. सायकल जरा डुलली, मग सरळ झाली. दुसरी चक्कर. साठवणेनं टाळी वाजवली. साहेबांची गाडी, तुम्ही गेल्यापासून ती सोमवारीही येते, फाटकात आली तर बाबांनी घंटी वाजवली, आणि साहेबांनी गाडी तिथंच थांबवली. काच खाली करून बाबांची चक्कर पुरी होईपर्यंत बसून राहिले. मी फोन काढला. फोटो काढायचं काम माझं आहे, तुम्ही दिलेलं. पण डोळ्यापुढं धूसर झालं होतं, चांगला नाही आला. तरी ग्रुपवर टाकला.

मी अजून सायकलवर बसलेलो नाही, बडेबाबू. भांडण अजून चालू आहे आणि माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण तुमचं ते 'पण' मी आता रोज पुरं करायला जात नाही. राहू द्या तसंच.

बाबांना घरी सोडायला निघालो.  मागून माझ्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. पंक्चरच्या दुकानाजवळ गाडी हळू झाली तेव्हा कानाशी येऊन म्हणाले, "रिकामी सायकल किती हलकी असते रे. इसरूनच गेल्तो."